रजेचा हिवाळा

९ नोव्हेंबर

झोपले. उठले. जेवले. परत झोपले. आईने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. ताप असता तर बरं झालं असतं, लोकांना सांगायला सोपं.

११ नोव्हेंबर

मानसोपचाराच्या डॉ. मॅडम म्हणाल्या, रोज थोडं लिहा. कुणाला दाखवायचं नाही, आणि चांगलं लिहायचं नाही. दुसरी अट मला जमेल की नाही माहीत नाही.

मराठीत लिहितेय. गुडगावला इतकी वर्षं या भाषेत कुणाशी कामाचं बोलले नाही, म्हणून ही अजून थकलेली नाही असं वाटतं. शुद्धलेखनाचे बारा वाजलेत. आमची झाशीची मराठी तशीही अर्धी हिंदी.

१४ नोव्हेंबर

जे झालं ते एकदाच लिहून टाकते.

सकाळची मीटिंग. पडद्यावर तक्ता, मीच बनवलेला. राघवने, म्हणजे माझ्या बॉसने, साधा प्रश्न विचारला, माल उशिरा कुठे पोचला आणि का. मी पडद्याकडे पाहिलं. आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागेना. येत नसलेल्या लिपीकडे बघावं तसं. सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, एक मिनिट. बाहेर आले आणि जिन्यात जाऊन बसले. मग उठताच येईना. पायांना काही झालं नव्हतं. उठायचं कशाला, तेच सापडत नव्हतं.

नेहा शोधत आली. माझ्या टीममधली सगळ्यात लहान. काही विचारलं नाही तिने. माझ्या पायातली चप्पल निघाली होती ती सरळ करून ठेवली आणि शेजारी बसली. तेव्हा जे रडू फुटलं ते दुपारपर्यंत.

कंपनीने लांब रजा दिली, मी झाशीला घरी आले. राघव म्हणाला, "तुम्हारी कुर्सी कहीं नहीं जा रही." धीर द्यायला म्हणाला. मला धमकीसारखं ऐकू आलं.

१७ नोव्हेंबर

खिडकीतून ऐकलं. दादा, म्हणजे माझे वडील, फाटकाशी शेजारच्या तिवारीजींना सांगत होते, "मंजू? वर्क फ्रॉम होम कर रही है. बड़ी कंपनी है भाई, घर पे भी चैन नहीं लेने देते."

काय अभिमान होता आवाजात. मी तेव्हा दुपारच्या दोन वाजता पांघरुणात होते.

दादांचं एक ठरलेलं वाक्य आहे, मी शाळेत असल्यापासूनचं. "हमारी मंजू कभी रुकी नहीं." पाहुण्यांना ते हिंदीत सांगतात, आपल्या माणसांना मराठीत. लग्नाचं विचारणंसुद्धा त्यांनी माझी पहिली मोठी बढती झाल्यावर बंद केलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. सदर बाजारापर्यंत ऑटोने. आईला बरोबर यायचं होतं, मी नको म्हटलं, मग तिला वाईट वाटलं, मग मला वाईट वाटलं. सगळी सकाळ त्यात.

मॅडमनी विचारलं, "आप दिन में बिना कारण कब बैठती हैं?"

म्हटलं, सध्या दिवसभर बसूनच आहे.

"वो बैठना नहीं है, वो गिरना है. बिना कारण कब बैठती हैं?"

मी पुढच्या भेटीची तारीख विचारली.

२७ नोव्हेंबर

घरातली बातमी. दादांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. ते मला फोनवर सांगितलंच नव्हतं. स्कूटी अंगणात ताडपत्रीखाली उभी. त्यामुळे दोघंही अडकलेली. भाजीवाला दारावर येतो, औषधं तिवारीजींचा मुलगा आणतो, आणि आई दादांच्या मागे बसून जिथे जिथे जायची तिथे तिथे आता जात नाही.

आज वरणाला फोडणी देता देता आई पाठमोरी म्हणाली, "मंजू, मला स्कूटी शिकवशील?"

दादा हसले. "त्रेसष्टाव्या वर्षी? कुठे जायचंय तुला?"

आई म्हणाली, "ते शिकल्यावर ठरवीन."

१ डिसेंबर

पहिला धडा. रेल्वे कॉलनीमागचं मैदान. साडीत जमेना म्हणून आईने माझा जुना सलवार-कुर्ता घातला. आयुष्यात पहिल्यांदा सलवार. फाटकातून बाहेर पडताना ओढणी अशी घट्ट धरली होती की जणू वारा तिला ओळखतो.

ॲक्सिलरेटर लाटण्यासारखा धरते. पुढे-मागे फिरवते. गाडी उडी मारते, मग ती गाडीलाच सांगते, "अगं थांब बाई, थांब." ब्रेक आठवत नाही.

मी हसले. खूप महिन्यांनी आवाज करून. स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

४ डिसेंबर

दादा आज मैदानावर खुर्ची घेऊन आले. लांबून ओरडत होते. "ब्रेक! ब्रेक! अगं डावा!" आईने गाडी बंद केली, चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं मी मागे बसून कधी बोलले का?"

दादा खुर्ची घेऊन घरी गेले.

९ डिसेंबर

भांडण.

मी एक वेळापत्रक केलं होतं. सोमवार सरळ रेषा, मंगळवार वळण, बुधवार आठचा आकडा, याप्रमाणे महिनाअखेर रस्त्यावर. भिंतीला लावलं. आई वळणावर पाय टेकवते, तो तिने टेकवू नये म्हणून आज मी तेच वळण तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. "परत. परत. आई, कालपेक्षा वाईट होतंय." शेवटी तिने गाडी स्टँडला लावली.

"तू मला शिकवतेस की माझ्याकडून काम करून घेतेस?"

मी म्हटलं, शिकायचं तर असंच शिकावं लागतं.

"मग मला नाही शिकायचं," म्हणाली. "मला मजा येत होती गं."

चालत घरी गेली. मी स्कूटी ढकलत मागे. चालवतही आणली असती, पण नको वाटलं.

१० डिसेंबर

कागद काढला भिंतीवरून. आईला काही बोलले नाही, तिने पाहिला असणार.

कागद काढताना एक गोष्ट दिसली. तो मी ज्या दिवशी केला, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. इथे आल्यापासून सगळ्यात बरं. म्हणजे मला बरं वाटतं ते कशाने?

१२ डिसेंबर

आई आपणहून सलवार घालून तयार. म्हणाली, "चल. पण तू झाडाखाली बस. बोलवलं तर ये."

बसले. ऊन होतं. ती गोल गोल फिरत होती, पाय टेकवत, मधेच थांबून शेंगदाणेवाल्याशी गप्पा मारत. काहीही सुधारणा नाही. मी काहीही बोलले नाही.

डॉ. मॅडमना उत्तर देता येईल आता. बिना कारण बसले.

१८ डिसेंबर

पेरू. मीठ-तिखट लावून गच्चीत उन्हात बसून खाल्ले, आई आणि मी. एक पुस्तक हातात घेतलं आणि चक्क सहा-सात पानं वाचली, ओळीवरून ओळीवर. अक्षरं अक्षरांच्या जागी राहिली. मागच्या महिन्यात औषधाच्या पाकिटावरचं वाचताना डोकं गरगरायचं.

आईचं वळण अचानक जमलं. कसं जमलं तिलाही माहीत नाही. "ते आपोआप झालं," म्हणाली, जरा हिरमुसून, जणू गाडीने तिला न विचारता केलं.

२६ डिसेंबर

धुकं. दोन दिवस मैदान दिसत नाही. घरातच. दादा सकाळपासून अंगभर शाल, वर कानटोपी, हातात पेपर, आणि मधूनमधून माझ्याकडे बघणं. शेवटी म्हणाले, "रजा कधी संपते म्हणालीस?"

म्हटलं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

"मग बरं," म्हणाले. कुणासाठी बरं ते सांगितलं नाही.

३ जानेवारी

राघवचा फोन. वर्षाच्या शुभेच्छा, तब्येत, वगैरे. मग म्हणाला की वरच्या जागेसाठी माझं नाव गेलंय. व्हाइस प्रेसिडेंट. परत रुजू झाले की लगेच. आणि जाता जाता, "मंजिरी, एक फ़ाइल भेज रहा हूँ. बस नज़र मार लेना. कोई जल्दी नहीं."

दादा शेजारीच होते. फोन ठेवल्यावर मी सांगितलं. ते उठले, देवापुढे साखर ठेवली, मग तिवारीजींकडे गेले. चालताना पाठ ताठ. किती दिवसांनी.

मलाही आनंद झाला. खोटं कशाला लिहू. अंगात वीज आल्यासारखं झालं.

५ जानेवारी

फाइल पाहिली. मी नसताना नेहाने सगळं सांभाळलंय. चांगलं सांभाळलंय. आधी कौतुक वाटलं, आणि मग बोचलं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

दोन-चार ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. मग अजून काही.

६ जानेवारी

दिवसभर लॅपटॉप. दादा न मागता चहा आणतात, दार हळू लावतात. आई दोनदा डोकावली, सलवार घालून. म्हटलं उद्या.

८ जानेवारी

अजून तेच. पूर्ण रचना बदलली. राघव म्हणाला, "देखा? यू आर बैक." जेवण टेबलावरच. आईला उद्या म्हटलं. ती म्हणाली, बरं.

९ जानेवारी

आई पडली.

मी कॉलवर होते. ती एकटीच स्कूटी घेऊन निघाली. मैदानापर्यंत नीट गेली, परत येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस आडवी आली. ब्रेक लावला, बरोबर लावला, पण खाली वाळू होती. डावं मनगट.

तिवारीजींनी हाक मारली, "बिटिया, अम्मा गिर गईं!" मी दोन हाका ऐकूनही कॉल म्यूट करायला वेळ घेतला. ते मला माहीत आहे. आणखी कुणाला नाही.

हाड थोडं तडकलंय. प्लॅस्टर. प्लॅस्टर घालताना आई डॉक्टरांना सांगत होती, "ब्रेक मैंने सही लगाया था."

१० जानेवारी

दादा चिडलेत. "या वयात हे खूळ हवं होतं कशाला?" आईवर, स्कूटीवर, म्हशीच्या मालकावर. माझ्यावर नाही. मी कामात होते, म्हणून मला माफ. लहानपणापासून या घरात कामात असलेल्या माणसाला सगळं माफ आहे.

लॅपटॉप उघडला. पडद्यावर तक्ता. आकडे परत न येणाऱ्या लिपीसारखे. बंद केला.

आईची वेणी घातली. तिचे केस किती कमी झालेत. ती म्हणाली, "प्लॅस्टर निघालं की परत शिकायचं हं. तू लगेच जाऊ नकोस."

१४ जानेवारी

संक्रांत. आपल्या मराठी मंडळींचा तिळगूळ, सदरमधल्या हॉलमध्ये. शे-दीडशे माणसं, निम्मी मुलं मराठी समजतात पण उत्तर हिंदीत देतात. जत्रेसारखी गर्दी, हलव्याचे दागिने, कुणाची तरी नवी सून.

दादा मला धरून धरून भेटवत होते. जोगळेकर काकांसमोर म्हणाले, "आमची मंजू. आता व्हाइस प्रेसिडेंट. कधी थांबली नाही पोरगी."

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडून निघालं. "थांबले काका. मी आजारी होते. काम करता करता डोकं बंद पडलं. म्हणून इथे आहे. उपचार चालू आहेत. ती जागा मी अजून घेतलेली नाही."

जोगळेकर काकांच्या हातात लाडू तसाच. दादा छताकडे बघायला लागले.

मग काकू पुढे सरकल्या. "कुठल्या डॉक्टरकडे जातेस गं?" मी सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनेला न्यायचंय. घरात कुणी नाव काढत नाही. नंबर दे."

ऑटोत दादा कडेला, बाहेर बघत. आई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन आमच्या मधे.

१६ जानेवारी

दादा बोलत नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, "मीठ" म्हणतात.

१७ जानेवारी

आज बोलले. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, ते चिमटे देत उभे राहिले. बराच वेळ नुसते चिमटे.

"लोक काय म्हणतील म्हणून नाही गं," म्हणाले.

मी पुढचा चिमटा मागितला.

"तू आलीस त्या दिवशी तुझा चेहरा पाहिला होता मी. स्टेशनवर. मला ओळख पटली नाही आधी. ऑपरेशन झालेल्या डोळ्यामुळे असेल म्हटलं. मग कळलं डोळा बरा आहे." थांबले. "वर्क फ्रॉम होम म्हटलं की बरं वाटायचं. तुला काहीतरी झालंय हे तोंडाने म्हटलं तर खरं होईल, असं वाटायचं."

चादर आम्ही दोघांनी मिळून पिळली. त्यांच्या बाजूने कमी पिळली गेली. तशीच वाळत टाकली.

१९ जानेवारी

नेहाचा फोन. आधी इकडचं तिकडचं, आईचा हात, झाशीची थंडी. मग,

"मॅम, एक बात कहूँ? बुरा मत मानिएगा."

"बोल."

"फ़ाइल ठीक थी. आपने जो बदला वो भी ठीक था. बस हम लोगों को सब दुबारा करना पड़ा."

मी सॉरी म्हटलं. ती गडबडली. नाही नाही, म्हणाली, आपसे तो सीखा है. मग जरा हसून, "मैं भी आजकल उसी सीढ़ी पर जाकर बैठती हूँ. वहाँ नेटवर्क नहीं आता."

ती हसत होती.

राघव मला जसं चालवायचा तशी मी तिला चालवत होते, आणि त्याला मी शिकवणं म्हणत होते.

२४ जानेवारी

डॉ. मॅडम. सगळं सांगितलं. फाइल, आई, नेहा. विचारलं, म्हणजे मी परत पहिल्या पायरीवर का?

"पहली बार आपको पता चलने में कितना वक़्त लगा था?"

वर्षं, म्हटलं.

"और इस बार?"

एक आठवडासुद्धा नाही.

त्यांनी गोळीचा डोस तोच ठेवला.

घरी येताना पायी आले बराच रस्ता. विचार करत. मोठं होणं म्हणजे काय समजत होते मी? बहुतेक हेच, की आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं. फोन आला की आपण हवे असतो. अडलं नाही की आपण कुणी नाही. म्हणून तर ती चांगली फाइल मी मोडून पुन्हा बांधली. कुणी सांगितलं नव्हतं.

मग अडू नये म्हणून काम करायचं? आपल्यावाचून नीट चालावं म्हणून? त्याला यश म्हणतात का, की नुसतं निवृत्त होणं?

माहीत नाही. सदरच्या रस्त्यावर तिळाची गजक घेतली, दादांसाठी.

२८ जानेवारी

परत खिडकीतून. मी मुद्दाम ऐकत नव्हते, आमची खिडकीच तशी आहे.

तिवारीजी: "बिटिया गई नहीं अभी?"

दादा: "नहीं भाई. तबीयत बिगड़ गई थी उसकी, काम के मारे. अब सुधर रही है. जब मन होगा तब जाएगी."

मन होगा तब. दादांच्या तोंडून. दादा, ज्यांनी तापातसुद्धा रेल्वेची ड्यूटी चुकवली नाही.

तिवारीजी म्हणाले, "अच्छा किया भाईसाब, घर ले आए." मग दोघं गाजरांच्या भावाकडे वळले.

मी आत जाऊन तोंड धुतलं.

२ फेब्रुवारी

राघवशी बोलले. सकाळी, अंघोळ करून, गच्चीत उभी राहून. कागदावर मुद्दे लिहिले नाहीत, मुद्दाम.

म्हटलं, वरची जागा मला नको. माझी आत्ताची जागा नेहाला द्या, ते काम ती केव्हापासून करतेच आहे, फक्त नाव आणि पगार तिचा नाही. मी आठवड्याचे चार दिवस काम करीन, झाशीतून, ठरलेल्या वेळात. नवीन माणसांना तयार करीन. महिन्यातून एकदा येईन.

तो मग म्हणाला, "प्रमोशन को ना कौन बोलता है?"

म्हटलं, मी. आत्ताच बोलले.

"लोग क्या समझेंगे, मंजिरी? पीछे जा रही हो."

मी खरंच विचार केला यावर, फोन हातात धरून. मग म्हटलं, शायद. मुझे भी थोड़ा ऐसा लगता है. पण तरी हेच हवंय.

तो म्हणाला, वर विचारावं लागेल. वेळ लागेल. कदाचित नाही म्हणतील, मग पूर्ण सोडावं लागेल हे लक्षात घे. रजा बिनपगारी वाढवून देतो तोपर्यंत.

खाली आले. आईला सांगितलं. ती एका हाताने मटार सोलत होती, पायाच्या अंगठ्यात परात अडकवून. "बरं," म्हणाली. "दादांना तू सांग."

सांगितलं. दादांनी चष्मा पुसला. "चार दिवस," म्हणाले. "आणि बाकीचे तीन?"

माहीत नाही, म्हटलं.

"हं," म्हणाले. त्यांना आवडलेलं नाही. ते आवडल्याचं नाटक करत नाहीयेत, हे मला आवडलं.

११ फेब्रुवारी

प्लॅस्टर निघालं. हात बारीक, पांढुरका, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. आई तो उन्हात धरून बसते. बोटं उघड-मीट. मी तेल लावून देते. बोलणं होतं, नाहीही होत.

मधे दोन वाईट दिवस गेले, लिहिलं नाही. काही कारण नाही. उठावंसं वाटलं नाही. नोव्हेंबरसारखं नव्हतं पण त्याच घरातलं होतं. आज गेलं.

२० फेब्रुवारी

आई एकटी गेली.

सकाळी मैदानावर दोन फेऱ्या मारल्या, मला मागे बसवून. मग म्हणाली, तू उतर. मी उतरले. ती म्हणाली, घरी जा. आणि गेली, मुख्य रस्त्याला लागून, डाव्या कडेकडेने, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना अजिबात न जुमानता.

तास-दीड तास झाला. दादा फाटकापासून ओट्यापर्यंत फेऱ्या. मी फोन करू नका म्हटलं. त्यांनी केला. आईने उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलू नये, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

आली. गाल लाल. दादांनी विचारलं, "गेली होतीस कुठे?"

"सदरला."

"काय आणलंस?"

"काही नाही. चहा प्यायले. हॉटेलात बसून." मग जरा लाजून, "एकटीने. समोसासुद्धा घेतला."

दादा बघतच राहिले. मग म्हणाले, "कसा होता?"

"चहा गोड होता फार," आई म्हणाली. "समोसा चांगला."

मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला हसू आणि रडू एकदमच येत होतं आणि ते कुणाला समजावून सांगायचं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या हॉटेलांत जेवले. एका ठिकाणाहूनही असा चेहरा घेऊन परत आले नाही.

२४ फेब्रुवारी

जोगळेकर काकू त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. ऋचा. दिल्लीहून लग्न होऊन आलेली, घरून काम करते, कंपनी कुठली तरी परदेशी. औषध सुरू झालंय. आई आणि काकू आत, आम्ही दोघी गच्चीत. ती कुंडीतली वाळकी पानं काढत होती. मी काही विचारलं नाही. मग म्हणाली, "दीदी, सुबह ब्रश करना भी..." आणि थांबली.

म्हटलं, हो. ब्रश करणंसुद्धा.

एवढंच. जाताना म्हणाली, फिर आऊँ? म्हटलं ये. शुक्रवारी ये, आई मैदानावर असते, झाडाखाली बसू.

ती गेल्यावर लक्षात आलं, मी तिला एकही सल्ला दिला नाही. जमलं. थोडा त्रास झाला पण जमलं.

२८ फेब्रुवारी

राघवचा काही निरोप नाही. नेहाला विचारण्याचा मोह झाला, विचारलं नाही. तिला तिची मीटिंग असेल.

भीती वाटते. नाही म्हणाले तर? पूर्ण सोडलं तर मी कोण? दादा पाहुण्यांना काय सांगतील हा प्रश्न आता दादांचा राहिलेला नाही, माझाच आहे असं दिसतं. हे असं लिहिल्यावर जरा हलकं झालं. भीती आहे, पण मी तिच्यासाठी पांघरूण घेऊन झोपले नाही. दुपारी कपाट आवरलं, अर्धं. अर्धं ठेवलं.

४ मार्च

दादांचे जुने रेल्वेतले सहकारी गरौठ्याहून आले होते, शेतावरून. ओल्या हरभऱ्याचे भारेच्या भारे. ते गेल्यावर दुपारी अंगणात विटा लावून काटक्या पेटवल्या आणि दादांनी स्वतः हरभरा भाजला, खोकत, डोळे चोळत. आई ओरडत होती, ऑपरेशनचा डोळा, धूर. ऐकताहेत थोडेच. घाटे काळे झाले की राखेतून वेचायचे, फुंकायचे, चोळायचे, गरम गरम दाणे तोंडात. मीठ-मिरचीची चटणी आईची. आम्ही तिघं जमिनीवर बसून, हात कोळशासारखे, तोंडं त्याहून काळी. तिवारीजी भिंतीवरून बघून म्हणाले, "का हो रओ भाईसाब, होरा? हमें नईं बुलाओ?" इकडे भाजलेल्या हरभऱ्याला होरा म्हणतात. मग तेही आले, बसायला वेताचा मोढा घेऊन.

मधेच आत फोन वाजला. वाजत राहिला.

दादा म्हणाले, "तुझा आहे."

"हो."

"राघव असेल."

"असेल."

उठले नाही. हात काळे होते, आणि हातातला घाटा अजून गरम होता. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग राखेत काठी घालून अजून चार घाटे माझ्या बाजूला सारले. "हे खा आधी," म्हणाले. "चांगले भाजलेत."

मग हात धुतले, साबणाने, दोनदा. फोन पाहिला. राघवच होता. आत येऊन आधी हे लिहायला बसले. नखांत अजून काळं आहे. बाहेर दादा आणि तिवारीजी हसतायत कशावर तरी.

वरून हो आलं असेल किंवा नाही.

आता फोन लावते.